दोन-तीन तासांत संपणारा गोष्टीचा गेम वाचन मंडळात घ्यायचाय, कोणता घ्यावा?

जुळेसोलापूर_वाचक
मंडळात आठ जण आहोत, वय २२ ते ६०. एका रविवारी पुस्तकाऐवजी गेम घेऊन तो टीव्हीवर सगळ्यांनी मिळून खेळायचा आणि मग त्यावर बोलायचं, असं ठरतंय. मारामारी नको. माणसाचं जाणं, आठवणी, नाती असा विषय हवा. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एचडीएमआय केबल आणि एक वायरचा कंट्रोलर आहे. निम्म्यांना भराभर इंग्रजी वाचता येत नाही. वेळ दुपारी ३ ते ६, चर्चा धरून.

सातरस्ता
भाषेची अडचण असेल तर 'जर्नी' घ्या. २०१२ सालचा गेम, २०१९ पासून पीसीवर आहे. संवाद एकही नाही. वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे जायचं, बस. साधारण दोन तास लागतात. वाटेत इंटरनेटवरून एक अनोळखी खेळाडू भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. ही सोबत हाच गेमचा गाभा आहे, म्हणून नेट चालू ठेवा. नेट गेलं तरी गेम चालतो, पण सोबत तुटते. कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर एक टप्पा संपून दुसरा सुरू होताना द्या. मध्येच थांबून राहिलात तर सोबती पुढे निघून जातो.

आठ जणांसाठी मात्र माझं पहिलं मत 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच'ला. २०१७ चा, दोन-अडीच तासांचा. एका घराण्यातल्या एकेका माणसाच्या मृत्यूची गोष्ट येते आणि प्रत्येक गोष्टीत बटणांचं काम बदलतं. त्यामुळे गोष्टीतला माणूस बदलला की कंट्रोलरही पुढच्याकडे सरकवता येतो. मासळीच्या कारखान्याचा प्रसंग तेवढा कंट्रोलरच्या दोन्ही काड्यांची (अंगठ्याने फिरवायच्या दांड्यांची) सवय असलेल्याकडे द्या. तिथे उजव्या काडीने मासे कापत राहायचे आणि त्याच वेळी डाव्या काडीने त्या माणसाच्या कल्पनेतल्या राज्यात चालायचं. हात यंत्रासारखा कापत राहतो आणि लक्ष कधी दुसरीकडे गेलं ते कळतच नाही. त्या पात्राचं नेमकं तेच झालेलं असतं. नुसतं बघणाऱ्याला हे निम्मंच पोचतं, म्हणून 'यूट्यूबवर बघून घेऊ' असं करू नका.

यात लहान मुलांचेही मृत्यू आहेत. कुणाच्या घरी अलीकडे काही घडलं असेल तर त्यांना आधी कल्पना द्या.

नवीपेठ_हार्डवेअर
मशीनचं सांगतो. 'एडिथ फिंच'च्या किमान गरजेत वेगळं ग्राफिक्स कार्ड धरलंय. तुमच्या लॅपटॉपवर रिझोल्यूशन १२८० बाय ७२० आणि सगळं 'लो' ठेवून बघा. बागेत आणि घराबाहेर अडखळेल, आत बरं चालेल. आदल्या दिवशी अर्धा तास चालवून बघा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. गेमच दोन तासांचा असल्यामुळे ही सोय फक्त तपासणीपुरती वापरा. पूर्ण खेळून पैसे मागणं म्हणजे छोट्या स्टुडिओचं नुकसान.

टीव्हीवर 'गेम मोड' लावा, नाहीतर बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' शोधा. सबटायटल्स तळाशी असतात, पहिली तीच जातात. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर विंडोजमध्ये आउटपुट म्हणून टीव्ही निवडा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चाळिशीपार ऊन असतं. दुपारी लॅपटॉप तापला की स्वतःच वेग उतरवतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात गेम रखडतो. मागची बाजू दोन पुस्तकांवर उचला, खालची जाळी मोकळी ठेवा. चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर वेग आणखी कमी होतो. टीव्ही आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट जाऊन लॅपटॉपही बंद पडला तर पाच-दहा मिनिटांचा भाग पुन्हा खेळावा लागेल, कारण हे गेम ठरावीक जागीच सेव्ह होतात. कूलर लांब ठेवा, 'जर्नी'चं संगीत फार हळू आवाजात सुरू होतं.

जुळेसोलापूर_वाचक
'ब्रदर्स' आणि डोळ्यांच्या उघडझापीवर चालणारा एक गेम, ही दोन नावंही कुणीतरी सुचवलीत. ते चालतील का?

सातरस्ता
'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' चालेल, तीन-साडेतीन तास धरा. म्हणजे चर्चा दुसऱ्या दिवशी. डावी काडी मोठ्या भावाची, उजवी धाकट्याची. नव्या आवृत्तीत दोघांनी वाटून खेळायची सोय आहे, पण पहिल्यांदा ती घेऊ नका. शेवटाकडे एक क्षण असा येतो, जो दोन्ही भाऊ एकाच माणसाच्या हातात असतील तरच कळतो. इथे कंट्रोलर एकाकडेच राहू द्या. पात्रांची भाषा बनावट आहे, इंग्रजी लागत नाही.

डोळ्यांचा तो 'बिफोर युअर आईज'. वेबकॅम पापणी ओळखतो, आणि पडद्यावर मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) आला की पापणी लवताच काळ पुढे उडी मारतो. घोळक्यासाठी नको, कॅमेऱ्यासमोर एकच चेहरा लागतो. घरी एकट्याने खेळा. उजेड समोरून येऊ द्या, पाठीमागे खिडकी नको. चष्म्यावर चमक पडली तर दिवा बाजूला सरकवा आणि डोळ्यांचं कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याला पापणी ओळखायला लावणं) पुन्हा करा. माउसनेही खेळता येतो, पण मग डोळे ताणून क्षण धरून ठेवण्यातली धडपड जाते.

पूर्वभाग
'वेंबा'चा विचार केलाय का ओ? २०२३ चा, दीडएक तासाचा. १९८० च्या दशकात कॅनडाला गेलेलं तमिळ कुटुंब आहे. आईची पाककृतींची वही फाटलेली, पुसलेली. कोणती पायरी गळली ते ओळखून इडलीपासून एकेक पदार्थ करायचा. आई तमिळमध्ये बोलते, मुलगा हळूहळू इंग्रजीत उत्तरं द्यायला लागतो. घरात तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी, हे ज्यांच्याकडे आहे त्या सोलापूरकरांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

मजकूर इंग्रजी आहे, पण बटण दाबल्याशिवाय संवाद पुढे सरकत नाही. एकाने वाचून लगेच मराठीत सांगितलं तरी काही निसटत नाही. 'फायरवॉच' नावाच्या गेममध्ये हे जमणार नाही. तिथे वॉकीटॉकीवरच्या उत्तराला वेळेची मर्यादा आहे आणि गप्प राहिलात तर तेही उत्तर धरलं जातं. शिवाय तो चारेक तासांचा आहे.

३ ला 'वेंबा' सुरू करा, साडेचारपर्यंत संपतो. ग्राफिक्स हलकी आहेत, तुमच्या लॅपटॉपला जड जाणार नाही.