मदत हवी आहे : रक्तदाबाच्या पाहणीत ऑड्स रेशो द्यावा की प्रमाणांचे गुणोत्तर?

नमस्कार. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी पुण्यात हडपसरमधील एक वस्ती आणि कोथरूडमधील काही सोसायट्या येथील प्रौढांच्या रक्तदाबाची पाहणी केली आहे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असलेल्या अथवा त्यासाठी गोळ्या चालू असलेल्या व्यक्तींच्या प्रमाणाची मला दोन्ही गटांत तुलना करायची आहे.

गटांतील वयाचा फरक लक्षात घेण्यासाठी मी लॉजिस्टिक रिग्रेशन (‘आहे की नाही’ अशा उत्तरासाठीची सांख्यिकी पद्धत) वापरले. त्यातून मिळालेला ऑड्स रेशोच (प्रत्येक गटात आजार असलेले भागिले नसलेले, आणि या दोन भागाकारांचे गुणोत्तर) ‘इतक्या पट धोका’ म्हणून अहवालात लिहावा, असा सल्ला मला मिळाला आहे. तो मला पटत नाही. आजार विरळ असेल तेव्हा हे चालून जाते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी डॉक्टरांच्या ॲस्पिरिन चाचणीत औषध घेणाऱ्या ११,०३७ जणांपैकी १०४, तर औषधासारखीच पण निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ११,०३४ जणांपैकी १८९ जणांना हृदयविकाराचा झटका आला. तेथे सापेक्ष जोखीम (दोन गटांतील जोखमींचे गुणोत्तर) काढा किंवा ऑड्स रेशो, उत्तर ०.५५ च येते. रक्तदाबाचे तसे नाही. समजा, एका गटात शंभरात ४० आणि दुसऱ्यात २० जणांना तो असेल, तर प्रमाण दुप्पट ठरते, पण ऑड्स रेशो २.६७ निघतो. हा अहवाल वस्तीत काम करणाऱ्या आशाताई वाचणार आहेत आणि त्यांच्यापर्यंत फुगलेला आकडा जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

शिवाय ही एकाच वेळची पाहणी असल्यामुळे ‘जोखीम’ हा शब्दही मी टाळते आहे, कारण आजार नव्याने किती जणांना झाला हे तिच्यातून कळत नाही.

थेट प्रमाणांचे गुणोत्तर देणारे लॉग-बायनॉमियल मॉडेल वय घातल्यावर उत्तरापर्यंत पोहोचतच नाही. त्याऐवजी तेच गुणोत्तर देणारे पॉयसन रिग्रेशन रोबस्ट स्टँडर्ड एररसह (मॉडेलची गृहीतके तंतोतंत लागू नसतानाही चालणाऱ्या त्रुटीच्या अंदाजासह) वापरणे योग्य ठरेल का, आणि एकाच घरातील व्यक्तींच्या नोंदी परस्परांशी निगडित असल्याने घराला क्लस्टर (एकत्र धरायचा गट) मानावे का? गुणोत्तराबरोबर प्रमाणांतील फरकही कॉन्फिडन्स इंटरव्हलसह (अंदाजाची अनिश्चितता दाखवणाऱ्या खालच्या-वरच्या मर्यादांसह) द्यावा, असे माझे मत आहे. वयाचा परिणाम वगळून तो फरक कसा काढावा?

आणखी एक अडचण आहे. हाताने घेतलेल्या बऱ्याच नोंदी शून्यावर संपतात, त्यामुळे नेमक्या १४० वर गर्दी झाली आहे. त्या नोंदी वगळून पुन्हा तुलना करावी, की सीमारेषा थोडी वरखाली करून निष्कर्ष टिकतो का ते पाहावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.