फाउंड्री, बेदाणा, हॉस्पिटल: प्रोसेस मॅच्युरिटी एकाच मापाने मोजता येते का?

कुपवाड_क्यूए

नमस्कार मंडळी. सांगली-मिरज भागातल्या पाच संस्थांच्या कामाच्या पद्धती किती पक्क्या आहेत, हे तपासायचं काम आहे. कुपवाड एमआयडीसीतली ग्रीन सँड (ओल्या वाळूच्या साच्यांची) फाउंड्री, तासगावजवळचं बेदाणा प्रोसेसिंग आणि कोल्ड स्टोरेज, एक हळद पावडर युनिट, मिरजेतलं साठ खाटांचं हॉस्पिटल आणि पंचवीस माणसांची सॉफ्टवेअर कंपनी.

सगळ्यांना साठ प्रश्नांचा एकच फॉर्म दिला. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण आणि शेवटी सरासरी. हॉस्पिटल सगळ्यात वर आलं, फाउंड्री तळाला. प्रत्यक्ष जागेवर फिरून आलं की चित्र जवळजवळ उलटं दिसतं.

विचारायचं एवढंच:
१) वेगवेगळ्या धंद्यांना एक माप लावता येतं का, की प्रत्येकाला वेगळा फॉर्म हवा?
२) सरासरी चुकतेय की प्रश्न?
३) बेदाण्याचं काम फेब्रुवारी ते एप्रिल. आता शेडवर कोणी नाही. मग तपासायचं काय?

मोजपट्टी

साहेब, फॉर्म नंतर बघू, ती सरासरी आधी काढून टाका. पायरी (मॅच्युरिटीची पातळी) कंपनीला लावायची नसते, एकेका प्रोसेसला लावायची असते. फाउंड्रीचं मेल्टिंग तिसऱ्या पायरीवर आणि खरेदी पहिल्यावर, हे नेहमीचंच चित्र आहे. त्यांची सरासरी २ आली तर त्या दोनाचं मालकाने काय करायचं?

प्रश्नांचा घोळ कुठून आला तेही सांगतो. पाच पायऱ्यांचा तक्ता फिलिप क्रॉस्बी यांनी १९७९ साली गुणवत्तेसाठी मांडला होता. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअर पुरवठादार पारखून घ्यायचे होते. त्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये, वॉट्स हम्फ्री यांच्या कामावर सीएमएम (कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) उभं राहिलं. पहिली आवृत्ती १९९१ ची. आजचं सीएमएमआय त्याचंच वाढलेलं रूप. म्हणजे बाजारात फिरणारे बरेचसे तयार फॉर्म सॉफ्टवेअरच्या घरात जन्मलेत. 'रिक्वायरमेंट बदलली की नोंद होते का' असं बेदाणावाल्याला विचारलं, तर तो बिचारा प्रामाणिकपणे १ लिहितो. आणि लागू नसलेला प्रश्न कोरा सोडला की एक्सेलच्या सूत्रात तो शून्य धरला गेलाय का, तेही एकदा बघा. सूत्र कसं लिहिलंय त्यावर ते अवलंबून असतं.

माप एकच ठेवता येतं. आयएसओ/आयईसी ३३०२० या प्रोसेस मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा सांगाडा घ्या, तो कुठल्याही धंद्याला चालतो. पायऱ्या ० ते ५. शून्य म्हणजे काम पुरतं होतच नाही. एक, काम होतं, पण कसं ते करणाऱ्यालाच माहीत. दोन, कामाचं नियोजन आहे, जबाबदारी ठरलेली आहे, निघालेल्या मालाची आणि नोंदींची देखरेख आहे. तीन, संस्थेची एक ठरलेली पद्धत आहे आणि सगळ्या शिफ्ट, सगळ्या लाइन तीच वापरतात. चार, कामातला रोजचा चढउतार आकड्यांत माहीत आहे आणि त्यावर ताबा आहे. पाच, त्या आकड्यांवरून पद्धत ठरवून बदलली जाते.

प्रत्येक निकषाला १ ते ५ गुण देऊ नका. चारच शेरे ठेवा: 'नाही' (१५ टक्क्यांपर्यंत), 'अर्धवट' (१५ च्या वर, ५० पर्यंत), 'बऱ्यापैकी' (५० च्या वर, ८५ पर्यंत) आणि 'पूर्ण' (८५ च्या वर). पायरी द्यायचा नियम असा: खालच्या सगळ्या पायऱ्यांचे निकष 'पूर्ण' हवेत आणि त्या पायरीचे किमान 'बऱ्यापैकी'. त्यामुळे खालचं कच्चं ठेवून वर उडी मारता येत नाही. तुमच्या सरासरीत नेमकी हीच पळवाट होती.

फाउंड्रीचं वाळू नियंत्रण घ्या. पायरी एक: मिलवाला (वाळू मिसळणारा) वाळू मुठीत दाबून बघतो आणि पाणी सोडतो. मोल्ड चांगले निघतात, मिलवाला पक्का असेपर्यंत. पायरी दोन: प्रत्येक शिफ्टला मॉइश्चर (ओलावा) आणि कॉम्पॅक्टेबिलिटीची (वाळू किती दबते त्याची) टेस्ट, मर्यादा लिहिलेली, मर्यादेबाहेर गेलं तर कोण काय करणार ते ठरलेलं. पायरी तीन: दोन्ही मोल्डिंग लाइनला तीच पद्धत, कास्टिंगच्या जाडीप्रमाणे मर्यादा कशी बदलायची तेही लिहिलेलं, नवा माणूस त्यावरच तयार होतो. पायरी चार: कंट्रोल चार्ट (चढउतार मर्यादेत आहे का दाखवणारा आलेख) आहे, आणि ब्लोहोलचं (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडणाऱ्या पोकळीचं) रिजेक्शन व मॉइश्चर यांचा संबंध आकड्यांत काढलेला आहे. पाच लांबच राहू दे.

आता रजिस्टर उघडा. महिनाभर प्रत्येक शिफ्टला ३.५, ३.५, ३.५ असेल तर ती टेस्ट झालेली नाही. खऱ्या वाळूचा आकडा हलतो. पावसाळ्यात, सोमवारी सकाळी, परतीची वाळू गरम असताना तर हमखास हलतो. असं रजिस्टर सापडलं की दुसऱ्या पायरीचा शेरा 'अर्धवट'च्या वर नेऊ नका, फाइल कितीही देखणी असली तरी.

पाचही ठिकाणी लागू पडतील अशा सहा-सात प्रोसेस निवडा: ऑर्डर किंवा रुग्ण घेताना दिलेला शब्द, आवक माल तपासणी, मुख्य काम, बाहेर पाठवण्याआधीची तपासणी, तक्रार आणि तिच्यावरची दुरुस्ती, यंत्रांची देखभाल, माणसांची तयारी. नावं सगळीकडे सारखी ठेवा, पुरावा मात्र धंद्याप्रमाणे. आवक तपासणी फाउंड्रीत स्क्रॅप आणि बेंटोनाइटची (वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीची), हॉस्पिटलात औषधांच्या बॅच आणि मुदतीची, सॉफ्टवेअरवाल्याकडे बाहेरून घेतलेल्या कोडची. प्रश्न तोच राहतो, बघायची वस्तू बदलते.

मिरज_वॉर्ड

हॉस्पिटल वर का आलं, त्याचा अंदाज सांगतो. फॉर्म कोणी भरला? बहुधा क्वालिटी विभागाने. एनएबीएचची (हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाची) तयारी केलेल्या ठिकाणी एसओपी (कामाच्या लिखित पद्धती), फॉर्म, कमिट्या सगळं असतं, आणि साठपैकी निम्मे प्रश्न 'आहे का' छापाचे असतील तर गुण मिळणारच. 'आहे का' विचारलं की 'आहे' हेच उत्तर येतं. त्याऐवजी 'मागच्या वेळी चुकलं तेव्हा काय केलं, त्या दिवसाचा कागद दाखवा' असं विचारा.

सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी २००८ ची, तीन टप्पे: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी, रुग्ण ओटीबाहेर जाण्याआधी. फाइलमध्ये शंभर टक्के खुणा असतात. दहा केस तुम्ही स्वतः निवडा, त्यांनी काढून दिलेल्या घेऊ नका. दुसऱ्या टप्प्याची वेळ आणि भूलतज्ज्ञाच्या चार्टवरची छेदाची वेळ शेजारी ठेवा. खूण छेदानंतरची असेल, किंवा तिन्ही टप्पे एकाच पेनाने एकाच मिनिटाला भरलेले असतील, तर समजायचं काय ते समजा.

चौथ्या पायरीबद्दल एक सावधगिरी. फाउंड्रीत दिवसाला शेकडो मोल्ड निघतात, तिथे टक्केवारीचा चार्ट बोलतो. साठ खाटांच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रियेनंतरचा संसर्ग महिन्याला एखादा. एका महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दोन, म्हणून 'दुप्पट बिघडलं' असा गलका होतो. इतक्या विरळ घटनांना टक्केवारी लावू नका. दोन घटनांमध्ये किती दिवस किंवा किती शस्त्रक्रिया गेल्या, ते मांडा. अशी मांडणी दिसली तर चौथ्या पायरीचा विचार होऊ शकतो. नुसता रंगीत बार चार्ट भिंतीवर असेल तर नाही.

द्राक्षपट्टा

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर: हंगामाबाहेर शेडच्या कामाला पायरी देऊच नका. शेरा लिहा 'पाहिलेलं नाही' आणि फेब्रुवारीत परत जा. साखर कारखान्यालाही हेच, गाळप बंद असताना तिथे फक्त देखभाल तपासता येते. (ती मात्र तेव्हाच तपासावी, ओव्हरहॉलिंगचा काळ असतो.)

आत्ता बेदाण्यात बघण्यासारखं आहे ते कोल्ड स्टोरेज. दर दोन तासांनी लिहिलेलं तापमान रजिस्टर मागा, आणि त्याच्या जोडीला जनरेटरच्या डिझेलची नोंद. वीज चार तास गेलेला एखादा दिवस शोधा. त्या दिवशी जनरेटर चालल्याची नोंद नाही आणि तापमान मात्र सगळीकडे ४.० लिहिलंय, तर पारा कोणी बघितलाच नव्हता. डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदणारं यंत्र) असेल तर अजून सोपं. लॉगरचा आलेख आणि हाताचं रजिस्टर जुळवून बघा.

हंगामातल्या कामाचे मागे उरलेले कागदही बोलतात. डिपिंगच्या (वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या) द्रावणाला साधारण लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल लागतं. एकूण किती लिटर द्रावण केलं, किती माल बुडवला आणि पावडर व ऑइल किती खरेदी झालं, हा हिशोब खरेदीच्या बिलांवरून लावा. मेळ बसला नाही तर प्रमाण अंदाजाने चालतं. द्रावण किती माल बुडवल्यावर बदलतात हे तीन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं विचारा. तीन उत्तरं आली तर पायरी एक, मग भिंतीवर बोर्ड कितीही मोठा असो.

हळदीच्या युनिटमध्ये उलटा माग काढा. गेल्या महिन्यात गेलेलं एक पोतं घ्या आणि मागे मागे जात कुठल्या आवकेपर्यंत पोचता येतं ते बघा. माग तुटतो तो बहुतेक वेळा पॉलिशच्या ड्रमपाशी, कारण तिथे दोन-तीन आवकांचा माल एकत्र पडतो आणि नवा लॉट नंबर कोणी देत नाही. पावडरची आर्द्रता १० टक्क्यांच्या आत हवी हे सगळ्यांना पाठ असतं. मीटर शेवटचा कधी तपासला, याला मात्र सगळे गप्प.

रात्रपाळी

मोजपट्टींचं बरोबर आहे, पण बारा माणसांच्या युनिटला पाच पायऱ्यांचे सगळेच निकष लावत बसलात तर तपासणीचा खर्च कामापेक्षा जास्त होईल. लहान ठिकाणी पहिल्या तीन पायऱ्यांपुरतंच बघा. त्यातल्या पुष्कळांना तिसरी पायरी पुरते, चौथ्याचा हट्ट गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय करू नये. ज्यांना सरकारी शिक्का हवा त्यांना एमएसएमई (लघुउद्योग) मंत्रालयाचं झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्र आहेच: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. तिथेही निकष पायरीपायरीने वाढत जातात. पण ते प्रमाणपत्र आणि तुमची तपासणी एकत्र कालवू नका. बक्षीस, सबसिडी किंवा बढती मापाला जोडली की लोक मापासाठीच कागद तयार करतात.

आणि ओ साहेब, रात्री जा. दिवसा क्यूए (गुणवत्ता तपासणारा) असतो, मालक असतो, टेस्ट होतेच. तेच काम पहाटे तीन वाजता कसं होतं त्यावर 'सगळ्या शिफ्टला एकच पद्धत' हा निकष ठरतो.

कुपवाड_क्यूए

सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. एक अडचण राहिली. फाउंड्रीत मेल्टिंग एका जुन्या मिस्त्रीच्या हातात आहे. काम उत्तम, रिजेक्शन कमी, लिहिलेलं जवळपास काही नाही. पहिली पायरी म्हटलं की मालक भडकणार. निकाल तर सगळ्यात चांगला तिथेच आहे.

मोजपट्टी

निकाल चांगला आहे हे रिपोर्टात पहिल्या ओळीत लिहा, पायरी दुसऱ्या ओळीत. दोन्ही खरं आहे. पहिली पायरी म्हणजे काम वाईट, असा अर्थ नाही. काम एका माणसावर उभं आहे, एवढाच अर्थ.

भांडत बसण्यापेक्षा हजेरीपट घ्या. मिस्त्री गणपतीत किंवा गावच्या यात्रेला सुट्टीवर गेले असतील ते दिवस काढा. त्या दिवसांच्या हीटची (भट्टीतल्या एकेका वितळणीची) केमिस्ट्री, टॅपिंगचं (भट्टीतून धातू काढतानाचं) तापमान आणि आठवडाभरानंतर मशीनिंगमध्ये निघालेलं रिजेक्शन इतर दिवसांशेजारी मांडा. फरक पडला नसेल तर ज्ञान कुठेतरी पोचलेलं आहे. ते कोणाकडे आहे ते शोधा, पायरी कदाचित वरची निघेल. फरक पडला असेल तर मालकाला तो आकडा दाखवा. सुट्टीत भट्टीच बंद ठेवत असतील तर तोही पुरावाच.

मिरज_वॉर्ड

शेवटचं एक. तपासणीला दोघे जा आणि शेरे वेगवेगळे लिहा, एकमेकांना न दाखवता. मग जुळवा. एका पायरीपेक्षा जास्त फरक आला की मध्यावर तडजोड करू नका, पुराव्याकडे परत जा. बहुतेक वेळा एकाने कागद बघितलेला असतो आणि दुसऱ्याने काम.

कुपवाड_क्यूए

ठीक. पुढच्या आठवड्यात फाउंड्रीची रात्रपाळी आणि कोल्ड स्टोरेजचं डिझेल रजिस्टर यापासून सुरुवात करतो. शीटमध्ये रकाने असे ठेवलेत: प्रोसेस, निकष, काय पाहिलं, कुठल्या तारखेचं, कोणत्या शिफ्टचं, कोणी निवडलं, शेरा. काही राहिलंय का?

द्राक्षपट्टा

'काय पाहता आलं नाही' हा रकाना घाला. शेडचं काम त्यातच जाईल.