हवेचा तंबू की दांड्यांचा?

पवनेकाठी गाडीने जाऊन राहायचं आणि हिवाळ्यात राजमाचीलाही न्यायचा, दोन्हीला एकच तंबू हवाय ना तुम्हाला? मग डोळे झाकून दांड्यांचा घ्या. हवेच्या तंबूत दांड्यांऐवजी हवा भरलेल्या नळ्या असतात. तो पंपाने झटपट उभा राहतो, वाऱ्यात नळी वाकून परत सरळही होते. पण चार माणसांचा म्हटला तरी वजन सहसा १० किलोच्या वर. लोणावळ्याहून राजमाची १५ किलोमीटर चाल आहे, पाठीवर कोण वाहणार?

शिवाय आपल्याकडे कातळ. खुंट्या आत जातच नाहीत. घुमटासारखा दांड्यांचा तंबू स्वतःच्या बळावर उभा राहतो, दोऱ्या दगडांना बांधल्या की झालं. दांडी मोडलीच तर सोबत मिळणारी छोटी नळी मोडलेल्या जागी सरकवायची, दोन्ही टोकांना चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. रात्र निभावते. दांड्या मात्र अ‍ॅल्युमिनियमच्याच बघा. फायबरग्लास तडकलं की बारीक कुसळं हातात घुसतात.

फक्त पवनेलाच जाणार असाल, सोबत लहान मुलं असतील, तर हवेचा जरूर घ्या. दुपारच्या उन्हात नळ्यांतली थोडी हवा सोडा, तापली की दाब वाढतो.