उच्चपदस्थ ख्रिस्ती माणसाची नम्रता: कसोटी कोणती मानायची?

पैलतीर (धागाकर्ता)

१६ जुलै २०११ रोजी व्हिएन्नामध्ये ऑस्ट्रियाचे शेवटचे युवराज ऑटो फॉन हाब्सबुर्ग यांचा दफनविधी झाला. शवपेटी कापुचिन मठातील राजघराण्याच्या समाधिस्थळाशी आली तेव्हा दार बंद होते. दारावर थाप पडली आणि आत कोण येऊ पाहत आहे, असे आतून विचारले गेले. बाहेरून राजपदव्यांची लांबलचक यादी वाचण्यात आली, त्यावर आम्ही यांना ओळखत नाही, असे उत्तर आले. दुसऱ्या थापेनंतर युरोपीय संसदेच्या सदस्यत्वासह त्यांनी स्वतः मिळवलेले मानसन्मान सांगितले गेले, तरीही उत्तर बदलले नाही. तिसऱ्या वेळी ऑटो, एक मर्त्य आणि पापी माणूस, एवढेच सांगितले आणि दार उघडले.

देवाच्या स्वरूपाचा असूनही ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले, असे बायबलमध्ये प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी ही गोष्ट आहे, तो सत्ताधाऱ्याला त्याची खरी उंची दाखवू शकतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मुसाफिर

मला हे पटत नाही. नाकारण्यासाठी का होईना, पदव्या आधी मोठ्याने वाचल्या गेल्याच; ज्याच्याकडे पदवीच नाही त्याच्यासाठी असा विधी कोणी करत नाही. शिवाय ही नम्रता मृत्यूनंतरची आहे, तेव्हा सोडण्यासारखे काही उरलेले नसते.

जिवंतपणीचे उदाहरण पाहायचे तर फ्रान्सचे राजे लुई नववे घ्या. ते गरिबांचे पाय स्वतः धूत आणि त्यांना आपल्या हाताने जेवू घालत. १२९७ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केले. याच राजाच्या कारकिर्दीत पॅरिसमध्ये तालमूद या ज्यू धर्मग्रंथाची गाड्या भरभरून हस्तलिखिते जाळली गेली आणि ज्यूंना कपड्यांवर ओळखीची खूण लावण्याची सक्ती झाली. ज्याचे पाय धुवायचे तो माणूस राजाने निवडायचा, दिवसही राजानेच ठरवायचा आणि विधी संपल्यावर सिंहासन पूर्वीच्याच जागी, याला मी दानशूरपणा म्हणेन, नम्रता म्हणणार नाही.

पैलतीर

लुईंच्या बाबतीतला आक्षेप मला मान्य आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र इ.स. ३९० मध्ये थेस्सलोनिका या ग्रीक शहरात सम्राटाच्या सैनिकांनी केलेल्या हत्याकांडानंतर मिलानचे बिशप अँब्रोस यांनी रोमन सम्राट थिओडोसियस यांना पत्र लिहून कळवले की, तुमच्या उपस्थितीत मी प्रभुभोजनाचा विधी करू शकत नाही. सम्राटांनी राजवस्त्रे उतरवून सर्वांसमक्ष पश्चात्ताप केला. येथे दिवस आणि अट दोन्ही दुसऱ्याने ठरवली होती.

ऋणको

मुसाफिर यांचा निकष मला योग्य वाटतो आणि त्याच निकषावर मी शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांचे नाव पुढे करतो. ते सँडेमनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. त्यांनी ‘सर’ ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटी या वैज्ञानिक संस्थेचे अध्यक्षपदही नाकारले, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला अधिक महत्त्वाची वाटते ती १८४४ मधील घटना: त्या वर्षी त्यांच्या मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चने, त्यांना काही काळासाठी सभासदत्वातून वगळले. युरोपभर ज्यांचा शब्द विज्ञानात प्रमाण मानला जात होता, त्या माणसाला मूठभर साध्या लोकांनी बाजूला केले. ते चिडून दुसऱ्या, अधिक प्रतिष्ठित चर्चमध्ये जाऊ शकले असते. त्यांनी निर्णय स्वीकारला, परत आले आणि पुढे पुन्हा त्याच मंडळीचे वडील (पुढारी) म्हणूनही निवडले गेले. आपल्यापेक्षा लौकिकदृष्ट्या लहान असलेल्यांना आपला न्याय करू देणे याहून अवघड गोष्ट मोठ्या माणसासाठी दुसरी नसावी.

मुसाफिर

फॅरडे यांच्यापुढे मी मान लववतो. पण ही मंडळी त्यांच्या देणगीवर अवलंबून नव्हती, हेही लक्षात घ्यावे. जिथे छप्पर, वर्गणी आणि पाळकांचा पगार एकाच श्रीमंत कुटुंबाकडून येतो, तिथे त्या कुटुंबप्रमुखाची चूक त्याला कोण सांगणार? त्याला नम्र होण्याची संधीच आपण ठेवत नाही.

जुनी_वही

याच मुद्द्यावर एक अनुभव सांगते. आमच्या मंडळीत एक न्यायाधीश येऊ लागले. पहिल्याच रविवारी कोणीतरी त्यांच्यासाठी गादीची खुर्ची पुढे आणून ठेवली आणि ती पुढे तशीच राहिली. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बस म्हणणे, यावर याकोबाने बायबलमधील आपल्या पत्रात स्पष्ट ठपका ठेवला आहे. तो उतारा आमच्याकडे त्या खुर्चीसमोरच कित्येकदा वाचला गेला असेल. साहेब संकोचाने तीन वर्षे तिथे बसले. मागे जाऊन बसावे तर सगळ्यांच्या नजरा वळणार आणि तोही एक प्रकारचा दिखावाच होणार, असे त्यांनी मला एकदा सांगितले होते.

पुढे एका रविवारी गुडघे दुखणाऱ्या एक वृद्ध बाई उशिरा आल्या आणि जागा दिसेना म्हणून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. साहेब त्यांच्यानंतर आले. दोन-तीन जण बाईंना उठवायला धावले तेव्हा साहेबांनी हातानेच नको म्हटले आणि स्तोत्राचे पुस्तक घेऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले. पुढच्या रविवारपासून खुर्ची बाईंची झाली. ती आणून ठेवणारी माणसे आम्हीच होतो, म्हणून मुसाफिर यांचा प्रश्न मला मोठ्या माणसांपेक्षा आम्हाला विचारलेला वाटतो.