मदत हवी आहे: आईला सीओपीडी सांगितलाय, पण तिने आयुष्यात बिडी-सिगारेटला हात लावलेला नाही

माणदेशी_८४
घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आईला दोन-तीन वर्षं खोकला आहे, चढ चढला की दम लागतो. गावात दर हिवाळ्यात 'कफ झालाय' म्हणून इंजेक्शन ठरलेलं. गेल्या आठवड्यात पुण्याला आणून छातीच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सरळ सीओपीडी सांगितला, म्हणजे फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. गूगल केलं तर जिथे तिथे सिगारेट आणि काळी फुप्फुसं. आई माळकरी आहे हो! घरात कोणीच ओढत नाही. चाचणी घेणाऱ्या पोराने 'आजी, बिडी ओढता का' विचारलं, तेव्हापासून ती माझ्याशीही धड बोलत नाही. एक्स-रे साफ आहे. निदान चुकलंय का? लवकर सांगा, ती परवा गावाला जायचं म्हणतेय.

गूळपोळी
वय काय? चाचणी कसली, रक्ताची की फुंकायची? औषध कोणतं? एवढ्या माहितीवर देवसुद्धा सांगू शकणार नाही.

माणदेशी_८४
वय ६१. फुंकायचीच चाचणी, पीएफटी. दोनदा घेतली, मध्ये औषध ओढायला दिलं. रिपोर्टवर औषधानंतरचा एफईव्ही१/एफव्हीसी ०.५८ आहे. कॅप्सूल दिल्यात, रोज रात्री एक. आठ दिवस झाले, काडीचा फरक नाही. म्हणूनच विचारतोय, निदान चूक आहे का?

काढेवाला
अडुळसा, ज्येष्ठमध, सितोपलादी मधातून. माझ्या सासऱ्यांचा वीस वर्षांचा दमा गेला. ॲलोपॅथीवाले आयुष्यभर पंप मागे लावतात.

श्वासमीटर
मी पीएफटी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. पूर्ण जोर लावून सोडलेल्या श्वासातली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते, ते हा आकडा सांगतो. औषध ओढूनही तो ०.७० च्या खाली राहिला तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात असं धरतात. दम्यात औषधानंतर बऱ्याचदा चांगली उसळी दिसते, १२ टक्के आणि २०० मिलीच्या वर. साफ एक्स-रेवर जाऊ नका, सीओपीडी त्यात लपतो. आणि न ओढणाऱ्यांना होत नाही हे विसरा. पुण्याच्याच डॉ. संदीप साळवींचा २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला होता, जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच ओढलेली नसते. आता सांगा, स्वयंपाक कशावर? लहानपणी किंवा पुढे टीबी झाला होता? मशेरी भाजतात का?

माणदेशी_८४
टीबी नाही. मशेरी आजी लावायची, आई नाही. गॅस २००९ पासून आहे, त्यामुळे चुलीचा प्रश्नच नाही.

गूळपोळी
आणि २००९ च्या आधी?

माणदेशी_८४
आधी चूलच की. सगळ्यांकडे तीच होती. बाभळीचं जळण, शेण्या, पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या.

श्वासमीटर
म्हणजे लग्नाआधीपासून धरलं तर तीसेक वर्षं फुंकणी तोंडाला लावून, आढ्याला धूर कोंडलेल्या घरात. तुम्ही हे लिहिलंच नव्हतं! अशा धुराच्या सीओपीडीत बारीक नळ्या जाड होऊन आवळतात, विडी-सिगारेटवाल्यांसारखी फुप्फुसं फुगून विरण्याचं प्रमाण कमी असतं. खोकला, कफ जास्त.

झणझणीत
काहीही. आमच्या आजीने ९० वर्षं चुलीवर भाकऱ्या थापल्या, शेवटपर्यंत ठणठणीत. चुलीवरच्या भाकरीचा पापुडा गॅसवर येतच नाही. चूक धुराची नाही, हल्लीच्या संकरित धान्याची आहे.

गूळपोळी
@झणझणीत आजी भाकरी थापत होत्या तेव्हा तुम्ही अंगणात होतात. हायवेवर 'चुलीवरचं मटण'चा बोर्ड वाचून गाडी थांबवणाऱ्यांनी एकदा त्या चुलीमागच्या बाईचे डोळे बघावेत.

ओहायोकर
इथे सीओपीडी म्हटलं की अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची रक्ततपासणी एकदा तरी करतात. फुप्फुसं जपणारं हे प्रथिन कमी असण्याचा आनुवंशिक दोष असतो. आग्रह धरा.

श्वासमीटर
डॉक्टरांना विचारा जरूर. पण तो दोष आपल्याकडे विरळा, ६१ व्या वर्षी फुंकणीचा इतिहास समोर असताना मी आधी तिकडे धावणार नाही.

रिकामटेकडा
उज्ज्वला २०१६ ला आली, पण सिलेंडर भरायला पैसे

गूळपोळी
राजकारण नको. त्याचा धागा वेगळा आहे.

सदाशिवपेठी
विषय निघालाच आहे तर, बेडरूमसाठी एअर प्युरिफायर कोणता घ्यावा? १२ बाय १० ची खोली. बजेट १० हजार.

माणदेशी_८४
माझा प्रश्न राहिलाय. चूल बंद होऊन इतकी वर्षं झाली, मग त्रास आत्ता का वाढतोय? आणि औषध लागू का पडत नाही?

गूळपोळी
आंघोळीचं पाणी कशावर तापतं?

माणदेशी_८४
बंबावर. पण तो मागच्या पडवीत आहे, स्वयंपाकघरात नाही.

गूळपोळी
धन्य! कोण पेटवतं?

माणदेशी_८४
आईच. पहाटे. रात्री डासांची कॉइल पण असते.

श्वासमीटर
मग धूर थांबलाय कुठे? एक कॉइल जळली की साधारण शंभर सिगारेटींइतके बारीक कण हवेत जातात. दोन्ही बंद करा, मच्छरदाणी लावा. गॅस गिझर घेतलात तर बंद न्हाणीघरात बसवू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचं डॉक्टरांना विचारा. आणि आई कॅप्सूल कशी घेते ते आज स्वतः समोर बसून बघा.

काढेवाला
बघा, पंपाने फरक नाही हे धागाकर्ताच सांगतोय. माझं कोणी ऐकत नाही.

माणदेशी_८४
बघितलं. कसं लिहू कळत नाही. आठ दिवस ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होती. सोबत दिलेलं यंत्र जपून पिशवीत, प्लास्टिकसकट. मीच पिशवी हातात देऊन ऑफिसला गेलो होतो.

श्वासमीटर
लाजू नका, आमच्याकडे असे पेशंट नेहमी येतात. कॅप्सूल यंत्रात घालायची, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, तोंडाने जोरात ओढायचा, दहापर्यंत रोखायचा. मग चूळ. महिन्याने पुन्हा दाखवा. आवळलेल्या नळ्या पूर्ववत होणार नाहीत, पण चढ चढताना फरक जाणवायला हवा.

माणदेशी_८४
आज पहिल्यांदा नीट ओढली. आधी खोकली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'जलमभर ओढली न्हाय, आता म्हातारपणी लेकानंच वढाया लावली.' हसली तरी. बंबाचं अजून ऐकत नाही. गॅसचं पाणी अंगाला लागत नाही म्हणते. थोरल्या मामाला फोन लावतोय.

सदाशिवपेठी
प्युरिफायरचं कोणी सांगितलंच नाही.