जाम झालेली जुनी बुलेट ३५० : इंजिन उतरवायचं की नाही?

पडवीतली_बुलेट
१९८५ ची कास्ट आयर्न इंजिनची बुलेट, गोव्यात हळदोण्याला पडवीत कित्येक वर्षं उभी. किक हलत नाही, टाकीत गंज खुळखुळतो. मेकॅनिक म्हणतो, सरळ इंजिन उतरवा. घरी काय करून बघता येईल? चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी) रंगवून हवी आहे.

टॅपेट
किकवर उभे राहू नका, दाते तुटतील. स्पार्क प्लग काढा, डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धंअर्धं करून ५० मिलि आत सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने पुढे-मागे करा, झटका न देता.

सुटलं तरी लगेच सुरू करायची घाई नको. आधी क्रँककेसखालचे (इंजिनाच्या तळाचे) ड्रेन प्लग उघडा, ऑइल काढून परत लावा. उभ्या बुलेटचं ऑइल पंपातून झिरपून खाली साठतं, डिपस्टिक कोरडी दिसते. माणूस वरून आणखी ओततो आणि ते ब्रीदरमधून (इंजिनाची हवा सोडणारी नळी) उसळतं. नवं २०-डब्ल्यू-५० ऑइल भरा, स्पार्क प्लग न लावता किक मारत राहा आणि वर रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) ऑइल पोचतंय का बघा.

काळीपांढरी
टाकीचं सांगतो. पेट्रोलचा कॉक काढून बूच लावा, आतला तेलकटपणा साबणाने घालवा. लिटरभर गरम पाण्याला ५०-६० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (लिंबूफूल) या हिशेबाने टाकी काठोकाठ भरा. अर्धी भरलीत तर वरचा गंज तसाच राहतो. एक रात्र पुरे, जास्त ठेवलं तर चांगला पत्राही खाल्ला जातो. बाहेर ओघळ आला तर लगेच धुवा, नाहीतर टाकीवरच्या सोनेरी रेघा जातील. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने खंगाळून ताबडतोब हेअर ड्रायरने सुकवा आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) आत फिरवा. आपल्या हवेत ओली टाकी बघता बघता नारिंगी होते. कोणी माडाचं व्हिनेगर सुचवेल. ते सोरपोतेलला (डुकराच्या मटणाचा गोवन पदार्थ) ठेवा.

सव्वाइंची_पाना
चवथीपर्यंत रंग विसरा. पावसाळी हवेत लॅकर दुधाळ पडतो, प्रायमरखाली ओल राहून फोड येतात. दिवाळीनंतर बघा. त्याआधी आरसीची (गाडीच्या नोंदणीची) मुदत तपासा: १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. चेसीस नंबरावर पुट्टी किंवा जाड रंग नको, तपासणीत तो वाचता आला पाहिजे.

पडवीतली_बुलेट
चाक बोटभर हललं, पुढे अडकतं. टॉर्च मारला तर बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) तपकिरी पट्टा दिसतो.

टॅपेट
मग मेकॅनिकचं बरोबर, निदान हेड आणि बॅरल (सिलिंडर आणि त्याचं झाकण) उतरवाच. आता जोर केलात तर पिस्टनची रिंग तुटेल आणि बोअर ओरबाडेल. बोअरवरून नख फिरवा: खड्डा नखाला लागला तर होनिंगने (हलकं घासून) भागणार नाही, रिबोअर (बोअर कापून मोठा करणं) आणि ओव्हरसाइज पिस्टन लागेल. एक व्हॉल्व्ह उघडा राहून दमट हवा आत गेली असणार. पुढे उभी करताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला ठेवा, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात.