सक्तीची भरती, राजीखुशीची उडी

पारावरचा:
इंग्लंडात आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. १९५५ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांना नॅशनल सर्व्हिसचं बोलावणं आलं. दोन वर्षं फौजेत जायचं म्हणजे जायचं. पगार आठवड्याला २८ शिलिंग. बूट चकाकवून कंटाळले आणि पॅराशूट रेजिमेंटसाठी, म्हणजे विमानातून छत्रीनं उतरणाऱ्या पलटणीसाठी, नाव दिलं. तिथली मरून बेरे टोपी अजून कपाटात जपून ठेवलीय. "नाहीतर बापाच्या दुकानात बटाटे मोजत बसलो असतो," म्हणतात. २०२४ च्या निवडणुकीत तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान सुनक यांनी नॅशनल सर्व्हिस नव्या रूपात आणायचं म्हटलं, तर टिंगल झाली. मला तर वाटतं, आपल्याकडेही पोरांना दोन वर्षं असं राबवायला हवं. बोला!

तिरकस:
काका, उदाहरण तुमच्याच अंगावर आलंय. भरती सक्तीची होती, पॅराशूट नव्हे. तिथे आपणहून नाव देणाऱ्यालाच घेत, आणि ऑल्डरशॉटच्या छावणीत पी कंपनी नावाच्या खडतर निवड चाचणीत जे गळायचे ते मूळ पलटणीत परत. म्हणजे आजोबांना घडवलं ते त्यांनी स्वतः निवडलेल्या भागानं. सक्तीच्या वाट्याला बूटपॉलिश आलं, हे तुम्हीच लिहिलंय.

पारावरचा:
अहो, पण बोलावणंच आलं नसतं तर नाव द्यायला ते तिथे गेले कशाला असते? पाण्यात ढकलल्याशिवाय पोहायला कोण शिकतं?

तिरकस:
क्लास लावून शिकतात हो.

निवृत्त_सुभेदार:
जरा दमानं घ्या. आमच्या पॅराशूटच्या उड्या आग्र्याला झाल्या, म्हणून या विषयात तोंड घालतो. त्या काळी ॲबिंग्डनच्या प्रशिक्षण केंद्रात ब्रिटिशांची पहिली उडी विमानातून नसे, फुग्यातून असे. फुग्याखाली टांगलेला पाळणा, ८०० फूट उंची, इंजिनाची घरघर नाही. विमानातून उडी टाकली की हवेचा झोत तुम्हाला मागे ओढतो. इथे छत्री उघडेपर्यंत दगडासारखं सरळ खाली. शांततेनंच अर्धा जीव जातो. आठ उड्या झाल्या की पंखांचा बिल्ला. तोवर "नाही जमत" म्हणालात तर गुपचूप परत पाठवत. बिल्ला लागल्यावर नकार दिलात तर तो गुन्हा, थेट कोर्ट मार्शलपर्यंत. तेव्हा सक्ती की खुशी, याची हद्द त्या बिल्ल्यापाशी होती.
आणि काका, आपल्या भारतीय फौजेची २ पॅरा ही छत्रीधारी पलटण म्हणजे मूळची मराठा पलटण. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेश युद्धात, टांगाईलला उतरली. त्यात सक्तीनं आणलेला एकही नव्हता.

परदेशी_सई:
मला वेगळंच खटकतं. १९५६ मध्ये आजोबा कुठे होते, विचारलंत का कधी? त्यांच्या रेजिमेंटची तिसरी बटालियन ५ नोव्हेंबरला सायप्रसहून निघाली आणि पोर्ट सैदजवळ एल गामिल विमानतळावर उतरली. ६६८ जण. इजिप्तचा अध्यक्ष नासरनं सुएझ कालवा ताब्यात घेतला, त्याचं उट्टं काढायला. दुसऱ्याच मध्यरात्री युद्धबंदी, वर्ष सरायच्या आत माघार. त्यात नॅशनल सर्व्हिसची विशीच्या आतबाहेरची पोरंही होती, आणि मतदानाचं वय तेव्हा २१! ज्या सरकारनं धाडलं त्याला पाडायचा हक्कसुद्धा नाही. गंमत म्हणजे त्याच नोव्हेंबरात आपली ३ पॅरा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून इजिप्तला गेली, ब्रिटिशांनी केलेलं निस्तरायला.

निवृत्त_सुभेदार:
सईताई, बरोबर. शिवाय खुद्द ब्रिटिश फौजच सक्तीच्या भरतीला कंटाळली होती. मुरलेले जवान नवख्यांना शिकवण्यात अडकायचे आणि शिकून तयार झालेला पोरगा घरी निघून जायचा. १९५७ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री सँड्स यांनी सक्ती बंद करायचं जाहीर केलं. शेवटचा नॅशनल सर्व्हिसवाला १९६३ च्या मेमध्ये सुटला.

पारावरचा:
शिस्तीबद्दल माझं मत तेच आहे, ते काही बदललं नाही. पण सईताई, आजोबा सायप्रसला होते एवढं मला ठाऊक आहे. त्यापुढचं कधी विचारलं की ते चहा ठेवायला उठतात.